पाणबुड्यांच्या शोधापासून केबलच्या राखणीपर्यंत : नाटोची नौदले कशी बदलली?

नमस्कार. युद्धनौका एकदा बांधली की ती तीस-तीस वर्षे सेवेत राहते, आणि तेवढ्या काळात शत्रू, त्याची शस्त्रे आणि काही वेळा त्याचे राष्ट्रसुद्धा बदललेले असते. अशा वेळी मित्रदेशांची नौदले नव्या धोक्याशी कशी जुळवून घेतात, हे आज आपण नाटो या लष्करी युतीच्या उदाहरणावरून पाहणार आहोत.

(पडद्यावर उत्तर अटलांटिकचा नकाशा)

ग्रीनलंड, आइसलँड आणि ब्रिटन यांच्यामधल्या या समुद्राकडे लक्ष द्या. शीतयुद्धाच्या काळात रशियाच्या वायव्य टोकाला असलेल्या कोला द्वीपकल्पावरील तळांमधून निघालेल्या सोव्हिएत पाणबुड्यांना अटलांटिकमध्ये उतरायचे तर याच वाटेने यावे लागे. म्हणून अमेरिकेने समुद्रतळावर पाण्याखालचे आवाज टिपणाऱ्या यंत्रांच्या रांगा अंथरल्या, आइसलँडमधील केफ्लाविक तळावरून टेहळणी विमाने उडू लागली, आणि जानेवारी १९६८ मध्ये नाटोने अनेक देशांच्या विनाशिका व फ्रिगेट या युद्धनौकांचा एक कायमस्वरूपी ताफा उभा केला.

१९९१ मध्ये सोव्हिएत संघ विसर्जित झाला आणि या सगळ्या तयारीचे प्रयोजनच संपल्यासारखे वाटू लागले. त्याच जहाजांनी पुढे एड्रियाटिक समुद्रात युगोस्लाव्हियाची नाकेबंदी केली, २००१ नंतर भूमध्य समुद्रात दहशतवादविरोधी गस्त घातली आणि २००९ ते २०१६ या काळात सोमालियाजवळ चाच्यांचा बंदोबस्त केला. ही कामे गरजेची होती, परंतु ती करत असताना जुने कौशल्य हातचे सुटत गेले. केफ्लाविकचा तळ अमेरिकेने २००६ मध्ये सोडला आणि अटलांटिक सांभाळणारा आपला ‘सेकंड फ्लीट’ हा ताफा २०११ मध्ये बरखास्त केला. तो २०१८ मध्ये पुन्हा उभारावा लागला.

यातले ब्रिटनचे उदाहरण मला सर्वांत बोलके वाटते. खर्चकपातीच्या भरात ब्रिटनने २०१० मध्ये पाणबुडीशोधक निमरॉड विमाने निवृत्त केली आणि त्यांच्या जागी येणारी सुधारित विमानेही रद्द केली. २०१४ च्या अखेरीस स्कॉटलंडजवळ परकी पाणबुडी वावरत असल्याचा संशय आला, तेव्हा शोधासाठी मित्रदेशांची विमाने बोलवावी लागली. मात्र त्या काळात एक दूरदर्शी गोष्ट घडत होती. सीडकॉर्न नावाच्या उपक्रमाखाली ब्रिटनचे काही वैमानिक आणि सोनार (ध्वनीच्या आधारे पाण्याखालचा शोध घेणारी यंत्रणा) ऐकणारे कर्मचारी अमेरिका, कॅनडा, ऑस्ट्रेलिया व न्यूझीलंड येथे जाऊन तिथल्या विमानांवर काम करत होते. समुद्रात टाकलेल्या सोनोबॉयमधून, म्हणजे सोनार बसवलेल्या तरंगत्या यंत्रांमधून, येणाऱ्या आवाजांच्या गोंधळात व्यापारी जहाजाचा पंखा कोणता आणि पाणबुडीचा कोणता, हे ओळखण्यासाठी वर्षानुवर्षांचा सराव लागतो. २०२० मध्ये पोसायडन या नव्या पाणबुडीशोधक विमानांपैकी पहिले ब्रिटनमध्ये उतरले, तेव्हा हा सराव टिकवून ठेवलेली माणसे तयार होती. (हेच विमान भारतीय नौदलाकडेही आहे आणि २०२२ पासून त्याचे एक पथक गोव्यात दाबोळीच्या आयएनएस हंसा तळावर आहे.) युतीचे खरे बळ मी यात पाहतो : एकाने सोडून दिलेली विद्या दुसऱ्याच्या घरी जिवंत राहते.

सुरुंगशोधनाच्या बाबतीतही असेच झाले. बेल्जियम आणि नेदरलँड्स या छोट्या देशांनी हे काम कधीच सोडले नाही, कारण दोन महायुद्धांतले सुरुंग आजही उत्तर समुद्राच्या तळाशी सापडतात. सुरुंगशोधक जहाज अतिशय संथ गतीने पुढे सरकते, त्याचा सोनार तळाची प्रतिमा काढतो, संशयास्पद वस्तू दिसली की पाण्यात बुडी मारणारा गोताखोर किंवा दूरनियंत्रित यंत्र खाली जाऊन ती तपासते आणि गरज पडल्यास तिथेच स्फोट घडवून ती नष्ट केली जाते. त्याच तळाची जुनी प्रतिमा हाताशी असेल, तर नव्याने काय येऊन पडले आहे हे लगेच कळते.

आज हीच विद्या समुद्रतळावरच्या केबल आणि वायुवाहिन्या राखण्यासाठी कामी येत आहे. ऑक्टोबर २०२३ मध्ये फिनलंड आणि एस्टोनिया यांना जोडणारी वायुवाहिनी एका मालवाहू जहाजाच्या फरफटत गेलेल्या नांगराने तुटली. २५ डिसेंबर २०२४ रोजी ईगल एस या तेलवाहू जहाजाच्या नांगराने याच दोन देशांमधल्या फिनलंडच्या आखातातली वीजकेबल आणि काही दूरसंचार केबल तुटल्या. त्यानंतर काही आठवड्यांतच, जानेवारी २०२५ मध्ये, नाटोने फ्रिगेट, टेहळणी विमाने आणि सागरी ड्रोन यांच्या साहाय्याने बाल्टिक सेन्ट्री ही मोहीम सुरू केली. फिनलंड २०२३ मध्ये आणि स्वीडन २०२४ मध्ये युतीत आल्यामुळे बाल्टिकचा बहुतेक किनारा आता मित्रदेशांचा आहे, त्यामुळे संशयित जहाजावर नजर ठेवणे सोपे झाले आहे.

अडचण त्यापुढची आहे. ईगल एसला फिनलंडने अडवले, जहाजाच्या अधिकाऱ्यांवर खटला भरला, पण केबल प्रादेशिक समुद्राबाहेर (किनाऱ्यालगतच्या, देशाच्या हद्दीतल्या पाण्याबाहेर) तुटल्यामुळे आपल्याला अधिकारक्षेत्र नाही, असे सांगून हेलसिंकीच्या न्यायालयाने ऑक्टोबर २०२५ मध्ये तो फेटाळला. १९८२ च्या सागरी कायद्याच्या कराराप्रमाणे अशा प्रकरणात मुख्यतः जहाज ज्या देशाचा ध्वज लावते त्याचा आणि आरोपी ज्या देशाचे नागरिक असतात त्याचा अधिकार चालतो, आणि ईगल एसवर ध्वज होता पॅसिफिकमधील कुक बेटांचा.