उन्हाच्या तिरिपेत जे दिसत नाही

(खिडकीतून आलेली उन्हाची तिरीप. तिच्यात नाचणारी धूळ. शेजारच्या खोलीत कुणीतरी चादर झटकतंय.)

घरात दम्याचं मूल असलं की ही तिरीप नकोशी होते. एरवी न दिसणारी धूळ तिच्यात दिसते, आणि हेच सगळं लेकराच्या छातीत जात असणार असं वाटून माणूस फडकं घेऊन उठतो. पण धुळीतल्या ज्या ऐवजाने दमा उसळतो, आणि ज्याच्या शोधात आपण आहोत, तो असा तासन् तास तरंगत राहत नाही. तो जड असतो. उडाला तरी २०-३० मिनिटांत खाली बसतो. आणि त्याचा सर्वांत मोठा साठा असतो गादीत, उशीत, पांघरुणात. म्हणजे मूल रात्रभर जिथे नाक खुपसून झोपतं, नेमकं तिथे.

(सूक्ष्मदर्शकातलं दृश्य. पांढुरका, अर्धपारदर्शक जीव, आठ पाय.)

हा डस्ट माइट. धुळीतला कीटक म्हणतात खरं, पण आठ पायांचा, म्हणजे गोचीड-कोळ्यांच्या गोतातला. लांबी मिलिमीटरच्या पाव भागाच्या आसपास. त्याचं शास्त्रीय नाव डर्मॅटोफॅगॉइडिस, अर्थ कातडी खाणारा. नाव ऐकून घाबरायला होतं, पण तो चावत नाही, अंगावर राहतही नाही. आपल्या त्वचेचा जो कोंडा रोज गळतो, त्यावर त्याचं पोट भरतं.

घरातल्या धुळीने दमा उसळतो हे डॉक्टरांना आधीपासून माहीत होतं. धुळीत नेमकं काय, याचं कोडं १९६०च्या दशकात नेदरलँड्समधल्या लायडन इथे व्होरहोर्स्ट आणि स्पीक्स्मा यांच्या गटाने सोडवलं. नंतर कळलं की त्रास या जिवापेक्षा त्याच्या विष्ठेचा जास्त. एक माइट दिवसाला साधारण २० गोळ्या टाकतो, आणि त्यांत त्याच्या आतड्यातला पाचकरस असतो. अन्न फोडायला बनलेला हा रस श्वासनळीच्या अस्तरावर पडला की पेशींमधले सांधेही उसवतो. अ‍ॅलर्जी असलेल्या मुलाची श्वासनळी मग सुजते, आवळते, आणि पहाटे ती घरघर सुरू होते.

माइट मेला, तरी या गोळ्या तशाच राहतात. म्हणूनच गादीवर मारायच्या औषधी फवाऱ्यांवर माझा विश्वास नाही. आरोपी मेला आणि मुद्देमाल गादीतच राहिला, तर मुलाला काय फायदा? वर फवाऱ्याच्या वासानेच खोकला सुरू व्हायचा. हवा शुद्ध करणाऱ्या यंत्राचीही तीच गत. गोळ्या हवेत टिकतच नाहीत, तर कोपऱ्यात घुमणारं यंत्र त्या पकडणार कुठून? धूर, परागकण अशा हलक्या कणांसाठी त्याचा उपयोग असेल, पण माइटसाठी नाही.

(गादीवर खोळ चढवणारे हात. चेन ओढल्याचा आवाज.)

तेव्हा पैसा आणि कष्ट घालायचे असतील, तर आधी अंथरुणावर घाला. गादीला आणि उशीला पूर्ण बंद होणारी, चेनची खोळ. साधा अभ्रा नव्हे. तिचं कापड इतकं घट्ट विणलेलं हवं की गोळी आरपार जाऊ नये. गोळी साधारण २० मायक्रॉनची असते (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग), म्हणून कापडाची छिद्रं १० मायक्रॉनपेक्षा लहान पाहतात. आतले माइट आतच राहतात, राहू देत. मूल एखाद्या भावंडाजवळ झोपत असेल, तर त्या गादीलाही खोळ हवी. ही गोष्ट हमखास विसरली जाते.

नुसत्या खोळीने काम भागतं का? २००३ साली ब्रिटनमध्ये हजाराहून जास्त दमेकरी प्रौढांवर झालेल्या चाचणीत खोळीचा काही फायदा दिसला नाही. पण २०१७ साली इंग्लंडमध्येच २८४ मुलांची चाचणी प्रसिद्ध झाली. ही माइटची अ‍ॅलर्जी असलेली आणि दम्याच्या अटॅकमुळे हॉस्पिटलात न्यावी लागलेली मुलं होती. साध्या खोळी मिळालेल्या गटातल्या सुमारे ४२ टक्के मुलांना वर्षभरात पुन्हा तातडीने हॉस्पिटल गाठावं लागलं. घट्ट विणीच्या खोळी मिळालेल्यांत हे प्रमाण २९ टक्के होतं. तोंडावाटे स्टेरॉइड घ्यायची वेळ मात्र दोन्ही गटांत सारखीच आली. फायदा आहे, पण जादू नाही. आणि आपल्या मुलाला माइटचीच अ‍ॅलर्जी आहे का, हे त्वचेच्या किंवा रक्ताच्या तपासणीतून आधी कळायला हवं. नसेल, तर ही सगळी मेहनत भलत्याच शत्रूवर खर्च होईल. दम्याच्या औषधाचा पंप (इन्हेलर) तर दोन्ही परिस्थितींत चालूच राहणार. घर स्वच्छ झालं म्हणून पंप बंद, असा हिशोब डॉक्टरांना न विचारता करू नका.

(वाफाळतं पाणी. बादलीत बुडणाऱ्या चादरी.)

चादरी आणि अभ्रे आठवड्याला धुवायचे. पाणी ५५ ते ६० अंश सेल्सिअस असेल तर माइट मरतात. तेवढं गरम पाणी नसेल, तरी धुणं टाळू नका. त्रास देणारं द्रव्य पाण्यात विरघळतं, गार पाण्यातही बरंचसं निघून जातं. माइट तेवढे जगतात. कडक उन्हात घातलेल्या अंथरुणातले माइट मरतात, कारण ऊन त्यांना सुकवतं. त्यांना पाणी पिता येत नाही, हवेतली ओल शोषून ते जगतात. खोलीतली आर्द्रता सतत ५० टक्क्यांच्या खाली ठेवली, तर त्यांचा टिकाव लागणं अवघड. दमट हवेत ते सोपं नाही, हे मान्य. पण ओले कपडे मुलाच्या खोलीत वाळत न घालणं जमतं. उठल्या उठल्या अंथरूण घडी न करता थोडा वेळ उघडं ठेवणं तर फुकटच जमतं, रात्रीच्या घामाची ओल उडून जाते.

झाडताना कोरडा झाडू नको, ओलं फडकं बरं. आणि गादी खोलीत झटकायची नाही. झटकताना मूल बाहेर, आणि नंतर अर्धा तास तरी बाहेरच. गालिचा आणि जाड पडदे खोलीतून काढता आले तर उत्तम. काढता येत नसतील, तर तिथे कष्ट घालण्याआधी अंथरुणाकडे बघा.

(पलंगाच्या कडेला एक मऊ, कान लोंबलेलं अस्वल.)

राहिला हा. घरातली सगळी समजूतदार माणसं याला टाकून द्या म्हणतात, आणि याच्याशिवाय मुलाला झोप येत नाही. टाकायची गरज नाही. प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून एक-दोन दिवस फ्रीझरमध्ये ठेवायचं, माइट थंडीने मरतात. विष्ठा मात्र थंडीने जात नाही, म्हणून बाहेर काढल्यावर धुवायचंही. मग दोन्ही कानांना चिमटे लावून उन्हात दोरीवर, आतला कापूस पूर्ण वाळेपर्यंत. तोवर झोपायला दुसरं काहीतरी द्यावं लागेल, हे मुलाला आदल्या दिवशीच सांगून ठेवा.

(दोरीवर लटकलेलं अस्वल. खाली उभं राहून वर बघणारं मूल.)