कॅमेरा घरी कधी गेला?

(नाशिकमधल्या माहितीपट महोत्सवात झालेल्या भाषणाचं संपादित शब्दांकन)

पत्रिकेत माझा विषय छापलाय, 'युद्ध, राजकारण, सामाजिक न्याय आणि माहितीपट'. वेळ पंचवीस मिनिटं. म्हणजे युद्धाला बारा, राजकारणाला बारा आणि न्यायाला, नेहमीप्रमाणे, उरलं तर. (हशा)

सुरुवातीलाच एक तक्रार नोंदवतो. 'माहितीपट' हा शब्द मला आवडत नाही. माहिती चौकशीच्या खिडकीवर मिळते. आधीचा शब्द होता 'अनुबोधपट'. तो ऐकला की हाताची घडी घालून गप्प बसावंसं वाटायचं. आमच्या पिढीनं ही चित्रं थिएटरात पाहिली. मुख्य खेळाआधी फिल्म्स डिव्हिजनचं रीळ लावणं थिएटरवाल्यांना सक्तीचं होतं. धरण, पूर, मंत्री, फीत, कात्री. तेवढ्यात लोक बाहेर जाऊन शेंगदाणे घेऊन यायचे. तुमच्यातले काही जण त्याच सवयीनं आत्ता बाहेर आहेत असं दिसतंय.

आणि हे सगळं फाळक्यांच्या जिल्ह्यात! त्र्यंबकेश्वरला जन्मलेल्या या माणसाचा 'राजा हरिश्चंद्र' १९१३चा, ते पाठ असतं आपल्याला. पण त्याआधी त्यांनी काय केलं? कुंडीत बी पेरलं आणि त्याचं रोप होताना टिपलं. रोज थोडं थोडं. एका कुंडीपाशी दिवसचे दिवस कॅमेरा लावून बसले. नट नाही, राजा नाही, वाढणारा कोंब. माझ्या मते आपला पहिला धडा तिथेच दिलेला आहे, आणि तो थांबण्याचा आहे. हेच सांगायला मी आलोय. युद्ध वगैरे पत्रिकेपुरतं.

आता माझी स्वतःची फजिती सांगतो, ती जरा लांबेल. मार्च २०१८. शेतकऱ्यांचा लाँग मार्च इथून, आपल्या सीबीएस चौकातून निघाला. सहा तारीख, दुपारचं ऊन. लाल टोप्या, लाल झेंडे, डोक्यावर गाठोडी. सुरगाणा, पेठ, दिंडोरीकडची माणसं. कसत असलेल्या वनजमिनीचा पट्टा नावावर करा, ही त्यांची मागणी होती. मी स्कूटर कडेला लावली, नवा फोन काढला आणि चित्रण सुरू केलं. स्वतःला फार मोठा समजत होतो मी त्या वेळी. वीस-बावीस मिनिटं शूट केलं. एक आजी माझ्यासमोर थांबल्या. नऊवारी खोचलेली, हातात पाण्याची बाटली, पायात निळ्या रबरी चपला. एका चपलेचा अंगठा सुतळीनं बांधलेला. मी तो अंगठा अगदी जवळून घेतला. म्हटलं, वा, काय दृश्य मिळालं! त्या म्हणाल्या, "झाला का फोटू काढून? मग चल की आता." मी म्हणालो, "आजी, मला बँकेत जायचंय." (हशा) हसा. मी खरंच बँकेत गेलो. टोकन नंबर सत्तेचाळीस होता.

त्या चालत राहिल्या. मुंबईपर्यंत, सुमारे १८० किलोमीटर. शेवटच्या रात्री दहावीच्या पोरांची परीक्षा अडू नये म्हणून ही माणसं सायनहून आझाद मैदानाकडे अंधारातच निघाली. रक्ताळलेल्या तळव्यांचे फोटो सगळ्या देशानं पाहिले. मी ते घरी, चहा घेत, टीव्हीवर पाहिले. त्यात कुठे सुतळी दिसते का, एवढंच शोधत होतो. माझ्याकडे अंगठा आहे, पाय नाहीत. म्हणून हल्ली कुठलाही माहितीपट पाहताना मी एकच विचारतो, हा कॅमेरा घरी कधी गेला?

चिठ्ठी आली. 'पाच मिनिटं'. बघा, न्यायाचं काय होणार ते मी सांगितलंच होतं.

तर भराभर. युद्ध. 'द बॅटल ऑफ द सॉम', १९१६, पहिल्या महायुद्धातल्या सॉमच्या लढाईवरचा. लढाई चालू असतानाच ब्रिटनमध्ये थिएटरांत लागला. सहा आठवड्यांत सुमारे दोन कोटी तिकिटं खपली. त्यातलं सगळ्यांत गाजलेलं दृश्य म्हणजे खंदकातून वर चढणारे आणि कोसळणारे सैनिक. ते आघाडीच्या मागे, प्रशिक्षणाच्या जागी रचून घेतलेलं होतं. पण बाकीचे जखमी खरे, प्रेतंही खरी. आणि सिनेमा मूक! देवळालीच्या लष्करी सरावाच्या तोफा ऐकत मोठे झालेले आपण. आवाजाविना तोफ म्हणजे काय, ते नाशिककरांना मी सांगायला नको.

राजकारण. पोखरणच्या अणुस्फोटांनंतर माहितीपटकार आनंद पटवर्धनांनी 'जंग और अमन' केला. सेन्सॉरनं कात्री काढली, हे भांडले, आणि २००३ साली मुंबई उच्च न्यायालयानं एकही कट न लावता तो मोकळा केला. यावर खरं तर अर्धा तास बोलायचं होतं.

न्याय. घाटकोपरचं रमाबाई आंबेडकर नगर, ११ जुलै १९९७. बाबासाहेबांच्या पुतळ्याची विटंबना, लोक रस्त्यावर, पोलिसांचा गोळीबार, दहा माणसं गेली. काही दिवसांनी शाहीर विलास घोगरे यांनी जीव दिला. बातमी आठवडाभरात शिळी झाली. पटवर्धनांचा 'जय भीम कॉम्रेड' आला २०११मध्ये. चौदा वर्षं! त्यात खटले आहेत, गाणी आहेत, मोठी होत गेलेली मुलं आहेत. चौदा वर्षं तो कॅमेरा त्या वस्तीत जात राहिला, आणि मला बँकेचं टोकन सुटलं नाही.

हो हो, संपवतो. पुढचा चित्रपट लावायचाय, माहीत आहे.

ध्वनीवाल्या दादांकडे माझ्या त्या चित्रणाचा शेवट दिलाय, चाळीस सेकंदांचा. फोन खिशात टाकताना बंद करायचा राहिला होता. पडद्यावर काही दिसणार नाही, काळोख आहे. घोषणा ऐका, हळूहळू लांब जातात. त्यानंतर जो खडखडाट येईल तो माझ्या स्कूटरच्या किकचा. तिसऱ्या किकला सुरू होते. लावा.