तंबोऱ्यावर कोण बसणार?

नमस्कार मंडळी. नवरात्रातला गरबा आटोपला, कोजागिरीचं दूध पिऊन झालं, म्हणजे आपल्या बडोद्यात गाण्याचा हंगाम उघडला. आता घरोघरी हीच चर्चा: यंदा कोण येतंय, तिकीट केवढ्याला, पास मिळतील का. २०२५च्या जानेवारीत कोल्डप्ले अहमदाबादला आलं, तेव्हा आमच्या ओळखीतली कितीतरी मुलं गाडी पकडून गेली होती. माझ्या भाचीचा मुलगाही गेला होता. यंदा तो दुसऱ्याच एका गायकाच्या कार्यक्रमाबद्दल विचारायला आला. म्हणाला, "आजी, गाणं जिवापाड आवडतं गं. पण त्या माणसाबद्दल मुलींनी जे सांगितलंय ते वाचून पोटात ढवळतं. तिकीट काढू की नको?"

मी त्याला लगेच उत्तर दिलं नाही. 'वादग्रस्त' या एकाच शब्दात आपण नको तितकी माणसं कोंबतो, आणि ती आधी वेगळी करायला हवीत असं मला वाटत होतं. त्यासाठी मला आपल्याच गावात मागे जावं लागतं.

अब्दुल करीम खाँसाहेब बडोद्याच्या दरबारात गात होते. सरदार माने यांच्या घरातली ताराबाई त्यांच्याकडे शिकत होती. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस दोघांनी मिळून बडोदं सोडलं. सरदार घराण्यातली मुलगी आणि मुसलमान गवई! तेव्हाच्या बडोद्यात त्यांच्याइतकं वादग्रस्त दुसरं कोण असणार? पण या जोडप्याच्या पोटी सुरेशबाबू, हिराबाई आणि सरस्वती राणे ही गाणारी भावंडं जन्मली, आणि खाँसाहेबांच्या शिष्यांमधून सवाई गंधर्व झाले. हिराबाईंचा जन्म १९०५ सालचा, तोही मिरजेचा. तरी नाव लावलं बडोदेकर. ज्या गावानं आईबापांना ठेवून घेतलं नाही, त्याच गावाचं नाव ती बाई जन्मभर मिरवत राहिली. तिकीट लावून जाहीर मैफल करणाऱ्या पहिल्या काही गायिकांमध्ये त्या होत्या. मला हे आठवलं की गळा दाटून येतो.

ताराबाई त्यांची शिष्या होती, हे मी विसरत नाही. गुरू आणि शिष्या म्हटलं की आजच्या काळात मन आधी शंका घेतं, आणि घ्यायलाच हवी. पण ताराबाई आपल्या मर्जीनं गेली, आणि १९२२ साली मुलांना घेऊन आपल्या मर्जीनंच त्यांच्यापासून वेगळीही झाली. दोन्ही वेळा निर्णय तिचा होता. या फरकावर माझं पुढचं सगळं बोलणं उभं आहे.

दुसरं उदाहरणही इथलंच. आफताब-ए-मौसिकी फैयाज खाँसाहेब याच शहरात राहिले, १९५०च्या नोव्हेंबरात इथेच गेले. २००२ सालच्या दंगलीत त्यांच्या कबरीची नासधूस झाली. पन्नासहून जास्त वर्षांपूर्वी गेलेल्या गवयानं कुणाचं काय वाकडं केलं होतं? त्यांचा धर्म, एवढाच त्यांचा 'वाद'. अशा कलाकाराच्या बाजूनं उभं राहायचं की नाही, हा माझ्या दृष्टीनं प्रश्नच नाही.

आता २०१८ सालचा शरद आठवा. ऑक्टोबरमध्ये चेन्नईच्या म्युझिक अकादमीनं आपल्या डिसेंबरच्या महोत्सवातून सात कलाकारांची नावं काढली, कारण त्यांच्याविरुद्ध लैंगिक छळाचे आरोप झाले होते. आणि लगेच पुढच्या महिन्यात दिल्लीत कर्नाटक संगीताचे गायक टी. एम. कृष्णा यांचा ठरलेला कार्यक्रम आयोजकांनी पुढे ढकलला, कारण त्यांच्या मतांवरून समाजमाध्यमांवर गदारोळ उठला होता. मग दिल्ली सरकारनं १७ नोव्हेंबरला त्यांचं गाणं तिथल्याच एका बागेत ठेवलं. दोन्ही बातम्यांचा मथळा एकच: कार्यक्रम रद्द. पण एकीकडे माणसांनी आपल्यावर बेतलेलं सांगितलं होतं, आणि दुसरीकडे लोकांना एका गायकाची मतं खुपत होती. गायकाचं मत मला पटलं नाही तर मी गाणं ऐकून घरी येते आणि जेवताना त्याच्याशी मनातल्या मनात भांडते. त्यात कुणाचं नुकसान नाही. एखाद्या मुलीला गाणं सोडावं लागणं ही फार निराळी गोष्ट आहे.

तसं झालेलं मी पाहिलंय. बरीच वर्षं झाली. मैफली भरवणाऱ्या आमच्या मंडळात एक मोठे गायक येणार होते. तंबोऱ्याला आमचीच एक मुलगी बसायची, गोड गळ्याची, त्यांच्याकडे काही महिने राहून शिकून आलेली. कार्यक्रमाच्या दिवशी दुपारी ती मला म्हणाली, "काकू, मी त्यांच्या मागे बसणार नाही." मी विचारलं, "बरं नाही का?" ती गप्प राहिली. मला कळलं होतं मंडळी. बाईला बाईचं असं गप्प राहणं कळतं. पण हॉल भरला होता, माणसं पुण्याहून आली होती. मी दुसऱ्या मुलीला बसवलं आणि स्वतः पहिल्या रांगेत बसून मनसोक्त दाद दिली. दुसऱ्या मुलीला तिथं बसवताना माझा हात कापला नाही, हे आज आठवलं की झोप लागत नाही. त्या पहिल्या मुलीनं पुढे तंबोरा गवसणीत घातला तो घातलाच.

म्हणून मला वाटतं, गाणं वेगळं आणि माणूस वेगळा हे घरात रेकॉर्ड लावताना म्हणता येईल. ते ज्यानं त्यानं आपल्या मनाशी ठरवावं. गेलेल्या गवयाच्या हाताखाली नवीन मुलगी जात नाही. जिवंत मैफलीत मात्र ती जाते. आपल्या टाळ्यांनी त्याचं नाव वाढतं, नाव वाढलं की पालक विश्वासानं मुलींना त्याच्या घरी शिकायला पाठवतात. कामाच्या जागी होणाऱ्या लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३च्या कायद्यानं दहापेक्षा कमी माणसं असलेल्या कामाच्या जागांसाठी जिल्ह्यात स्थानिक समिती असते. पण गुरूच्या घरात राहणारी शिष्या तिथवर पोचणार कशी, आणि तिथं आपण कोण म्हणून सांगणार?

कुणी म्हणेल, आरोप सिद्ध झाला का? शिक्षा द्यायची तर सिद्ध व्हायलाच हवा, ते कोर्टाचं काम. आमंत्रण देणं आपलं काम, आणि आमंत्रण हा कुणाचा हक्क नसतो. मात्र नाव नसलेल्या एका मेसेजवरून कुणाला ओवाळून टाकू नये. चार ठिकाणी विचारावं, जुन्या शिष्यांशी बोलावं, त्या माणसालाही विचारावं.

व्यवहाराचंही बोलते, कारण ते तिकीट काढणाऱ्याला सहसा माहीत नसतं. बिदागीचा मोठा हिस्सा आधीच आगाऊ गेलेला असतो. गाड्या, हॉल, लाऊडस्पीकर, सगळ्यांचे पैसे अडकलेले असतात. आयत्या वेळी तुम्ही तिकीट घेतलं नाही तर फटका बसतो मंडळाला, आणि कार्यक्रमच बारगळला तर तबलजी-पेटीवाल्याला, ज्यांचा काही दोष नसतो. म्हणून ही चर्चा तिकीट खिडकीवर करून उपयोग नाही. पावसाळ्यात, मंडळाच्या बैठकीत, बयाणा जाण्याआधी करायची. तरी उशीर झालाच, तर साथीदारांचं मानधन देऊन टाकावं आणि कार्यक्रम रद्द करावा. हे मंडळाला परवडत नाही असं मला सांगतात. एका हंगामात एक मैफल कमी करू, परवडेल.

भाचीच्या मुलाला मी शेवटी म्हटलं, जाऊ नकोस. तो हिरमुसला. दोन दिवसांनी त्याचा फोन आला, की मित्र सगळे जाणार आहेत आणि त्यांना काय सांगू. मी म्हटलं, जे वाचून तुझ्या पोटात ढवळलं तेच त्यांना वाचून दाखव.

येत्या रविवारी आमच्या मंडळाची बैठक आहे. यादीत तीन नावं आहेत. एका नावाबद्दल मी दोन जुन्या शिष्यांकडून काही ऐकलं आहे, आणि ते मी तिथं बोलणार आहे. तिन्ही नावांपुढे मी हेही विचारणार आहे, की तंबोऱ्यावर कोण बसणार, आणि तिला विचारलंय का.