कांडी भरणारीचं नाव आराखड्यात हवं

(दृश्य : टेबलावर ठेवलेली एक जुनी कांडी)

ही कांडी. वीतभर लांब, सूत गुंडाळलेली. ती धोट्यात बसते, धोटा ताण्याच्या उभ्या धाग्यांतून इकडून तिकडे धावतो आणि टॉवेल विणला जातो. सूत संपलं की माग थांबवायचा, भरलेली कांडी घालायची. सोलापूरच्या पूर्व भागात कितीतरी घरं कांड्या भरण्यावर चालली. आमचंही त्यातलंच. आई भरायची.

(दृश्य : अक्कलकोट रोड एमआयडीसी, नवा रेपिअर माग)

या मागाला धोटा नाही. बाण्याचं, म्हणजे आडवं, सूत थेट कोनावरून, सुताच्या शंकूसारख्या मोठ्या गुंडीवरून येतं. वेग वाढतो, आणि कांडी लागतच नाही.

असा माग बसवायचा म्हणजे मोठा प्रकल्प. आराखड्यात यंत्राची किंमत असते, पायाचं बांधकाम असतं, वाढीव वीजभाराची मंजुरी असते. एक काम रखडलं की पुढचं सगळं अडतं, हे मालकांना पक्कं ठाऊक असतं. पण बदल माणसांवर येऊन अडतो, त्याचा रकाना बहुतेक कागदांवर नसतो.

१९४८ साली लेस्टर कोच आणि जॉन फ्रेंच यांनी अमेरिकेतल्या एका पायजम्याच्या कारखान्याचा अभ्यास प्रसिद्ध केला. तिथेही मजुरी नगावर. एका गटाला सांगितलं, इस्त्री केलेले पायजमे आता पुठ्ठ्यावर नको, खोक्यात रचा. एवढाच बदल! चाळीस दिवसांत त्या गटातले १७ टक्के कामगार सोडून गेले, आणि घसरलेलं उत्पादन वर येईना. दुसऱ्या दोन गटांत मात्र सगळ्यांना बसवून काम कसं बदलायचं ते ठरवलं. त्यांच्यातलं कुणीही गेलं नाही, उत्पादन पूर्वीपेक्षा १४ टक्क्यांपर्यंत चढलं.

(दृश्य : टॉवेलच्या काठावरून फिरणारा विणकराचा अंगठा)

धोट्याच्या मागावर बाण्याचा धागा काठाशी वळून परत येतो, काठ आपोआप बांधला जातो. रेपिअरवर तो काठाशी कापला जातो, मग काठ वेगळा बांधावा लागतो. तो सैल पडतोय हे जुन्या विणकराच्या अंगठ्याला आधी कळतं. त्याला पहिल्या बैठकीलाच बोलवा, माग उभा राहिल्यावर नको. आधी दोनच माग बदला, बाकीचे चालू राहू द्या. हात बसेपर्यंत नगावरची मजुरी कमी पडणार, तेवढे दिवस आधीच्या सरासरीइतका पगार द्या, आणि तो खर्च यंत्राच्या किमतीतच धरा. सूचना मराठीत लावली तर तेलुगूतही लावा, इथे कितीतरी घरांत तेलुगूच बोलतात. आणि गड्ड्याच्या, म्हणजे सोलापूरच्या सिद्धेश्वराच्या, जत्रेच्या आठवड्यात नवं काही सुरू करू नका.

राहिली कांडी भरणारी. वेगवान मागावरून टॉवेल जास्त उतरणार, म्हणजे शिलाईला, तपासणीला, घडी घालायला हात जास्त लागणार. ती शिकवणी माग येण्याच्या आधीच्या महिन्यांत बसवता येते. त्यासाठी तिचं नाव आराखड्यात हवं.

(दृश्य : घराच्या कोपऱ्यात कापडानं झाकलेलं कांडीचं मशिन)

आईला कुणी सांगायलाच आलं नाही की आता कांड्या लागणार नाहीत. सूत येणं थांबलं, एवढंच. त्या दिवाळीपर्यंत ती रोज सकाळी मशिन पुसून, तेल घालून ठेवायची आणि सुताची वाट बघत दारात बसायची.