हशाची जागा: गप्पांचा पॉडकास्ट ऐकावासा का वाटतो

(दृश्य: नाशिकच्या गंगापूर रोडवरच्या एका इमारतीतली बेडरूम. भिंतीला टेकवून उभी केलेली गादी. टेबलाच्या दोन बाजूंना दोन खुर्च्या, टेबलावर दोन माइक.)

रात्रीचे साडेदहा. या खोलीत दोन मित्र दीड तास गप्पा मारणार आहेत. विषय ठरलाय: लग्नाच्या पंगतीत आग्रह करणारी माणसं. दीड तासातली पन्नासेक मिनिटं ऐकणाऱ्यापर्यंत पोचतील. तो ती शेवटपर्यंत ऐकेल की पाचव्या मिनिटाला बंद करेल, हे किस्से किती भारी आहेत यावर ठरतंच. पण त्याहून जास्त ठरतं ते एकाचं बोलणं संपल्यावर दुसरा किती वेळात तोंड उघडतो यावर.

जगातल्या दहा भाषांमधल्या रोजच्या बोलण्याचा एक अभ्यास २००९ मध्ये प्रसिद्ध झाला. प्रश्न संपून उत्तर सुरू होईपर्यंतचा वेळ सरासरी २०० मिलिसेकंदांच्या आसपास निघाला, म्हणजे सेकंदाचा पाचवा भाग. जपानीत तो सगळ्यात कमी होता, डॅनिशमध्ये सगळ्यात जास्त. एवढ्या वेळात विचार करून उत्तर तयार होत नाही. म्हणजे समोरचा बोलत असतानाच आपण त्याचं वाक्य कुठे संपणार याचा अंदाज घेत असतो. तो अंदाज मुद्दाम चुकवला की विनोद होतो. तो जिथे होतो तिला नाटकवाले हशाची जागा म्हणतात. नाशिकच्या कालिदास कलामंदिर नाट्यगृहात नट ती जागा प्रेक्षकांच्या हशावर घेतो. इथे प्रेक्षक नाहीत, समोर एकच माणूस आहे. त्याचं ऐकणं, त्याचा श्वास, त्याचं दबलेलं हसू हे सगळं माइकमध्ये आलं पाहिजे आणि नंतर कापाकापीतही टिकलं पाहिजे.

(दृश्य: छताचा पंखा थांबतो. एक जण खिडकी ओढून घेतो.)

सुरुवात खोलीपासून. आरसीसीची भिंत, टाइल्सची फरशी आणि काचेची खिडकी, या तिन्हींवरून आवाज परततो आणि खोली घुमते. पुठ्ठ्याचे अंड्यांचे ट्रे भिंतीवर चिकटवून काही साधत नाही. ते फार पातळ आणि हलके असतात, आवाजाचा जाड भाग त्यातून तसाच जातो. कापसाची गादी, दोन गोधड्या, कपड्यांनी भरलेलं उघडं कपाट, खाली सतरंजी, एवढ्यावर काम भागतं. गादी माइकच्या पाठीमागे नको, बोलणाऱ्याच्या पाठीमागे हवी. माइकचं तोंड बोलणाऱ्याकडे असतं, त्यामुळे त्याच्या मागच्या भिंतीवरून परतलेला आवाज माइकमध्ये सरळ शिरतो.

पंखा चालू असेल तर दोन गोष्टी बिघडतात. घरघर तर येतेच, शिवाय पात्यांवर आपटून आवाज थरथरत परत येतो, आणि ही थरथर नंतर कुठल्याही सॉफ्टवेअरने नीट निघत नाही. नाशिकमध्ये हा प्रश्न डिसेंबर-जानेवारीत उरत नाही. रात्री इतकी थंडी असते की पंखा लावायची गरजच पडत नाही. सहा महिन्यांचे भाग साठवायचे असतील तर हेच दोन महिने सोन्यासारखे. मे महिन्यात मात्र वीस-पंचवीस मिनिटांचे तुकडे करावेत, मध्ये पंखा लावून खोली गार करावी, पंखा बंद करावा, तो पूर्ण थांबू द्यावा आणि मग पुढे जावं. पावसाळ्यात गॅलरीवरचा पत्रा वाजतो, त्याला उपाय नाही. सर पडून जाऊ द्यायची. सिंहस्थाच्या तयारीची रस्त्याची कामं जवळपास चालू असतील तर दिवसाचं रेकॉर्डिंग विसरावं.

गप्पांना सुरुवात करण्याआधी सगळ्यांनी गप्प बसून तीस सेकंद नुसती खोली रेकॉर्ड करायची. एखादं वाक्य कापलं की तिथे भोक पडतं. ते बुजवायला याच खोलीची शांतता लागते, दुसरीकडची आणली तर जोड लगेच ऐकू येतो.

(दृश्य: माइक आणि तोंड यांच्या मध्ये आडवी मूठ धरून अंतर मोजलं जातंय.)

माइक डायनॅमिक हवा. कंडेन्सर माइक दूरचंही बारीक टिपतो, म्हणजे शेजारच्या कुकरची शिट्टी आणि खालच्या रिक्षाचा हॉर्नसुद्धा टिपतो. शुअर कंपनीचा एसएम५८ हा साधा डायनॅमिक माइक १९६६ पासून बनतोय आणि या कामाला तो पुरतो. व्हिडिओंमध्ये सगळीकडे दिसणारा एसएम७बी चांगलाच आहे, पण त्याला जवळजवळ ६० डेसिबल गेन, म्हणजे माइकच्या आवाजाला दिलेली वाढ, लागतो. माइक लॅपटॉपला जोडणाऱ्या स्वस्त इंटरफेसवर एवढा गेन वाढवला की मागे सूंऽऽ असा आवाज येतो, आणि मग महागडा माइक घेऊनही साध्या माइकपेक्षा वाईट ऐकू येतं.

तोंडापासून माइक एका आडव्या मुठीवर, साधारण १० सेंटिमीटर. हे अंतर दुप्पट झालं की आवाज ६ डेसिबलने पडतो, खोलीचा घुमारा मात्र तेवढाच राहतो. दोन माइकमधलं अंतर माइक-तोंडाच्या अंतराच्या किमान तिप्पट हवं. टेबलाच्या दोन टोकांना समोरासमोर बसलं की ते आपोआप साधतं, आणि प्रत्येक माइकची पाठ दुसऱ्याकडे येते. सोफ्यावर शेजारी शेजारी बसलं की एकाचा आवाज दुसऱ्याच्या माइकमध्ये किंचित उशिरा पोचतो, दोन्ही ट्रॅक एकत्र केले की आवाज पोकळ होतो.

मराठीत एक जादा अडचण आहे. फ आणि भ म्हणताना तोंडातून हवेचा झोत सुटतो, आणि ‘भावजी, फक्त एकच पोळी’ एवढ्या एका वाक्यात माइकवर दोनदा धप्प वाजतं. माइक तोंडासमोर सरळ धरण्यापेक्षा गालाच्या बाजूने तीस-चाळीस अंश वळवावा. झोत बाजूने निघून जातो, आवाज तसाच येतो. जाळी लावली तर आणखी चांगलं.

आता लेव्हल. ‘हॅलो, एक दोन तीन’ म्हणून लेव्हल कधीही लावू नये. कुणीही गप्पा मारताना त्या आवाजात बोलत नाही, आणि हसताना तर नाहीच. दोघांपैकी जो मोठ्याने हसतो त्याला खरोखर हसवायचं, ते हसणं उणे ६ डेसिबलच्या (शून्याला आवाज फाटतो) वर जाणार नाही असा गेन ठेवायचा, मग साधं बोलणं उणे १८ ते उणे १२ च्या मध्ये येतं. ते कमी वाटलं तरी चालतं. रेकॉर्डिंग २४ बिटमध्ये असलं की नंतर वाढवता येतं. फाटलेला आवाज मात्र शिवता येत नाही, आणि फाटतो तो नेमका सगळ्यात रंगलेल्या क्षणी. रेकॉर्डिंग ४८ किलोहर्ट्झवर, प्रत्येक माणसाचा ट्रॅक वेगळा. एका ट्रॅकला तासाला ५१८ एमबी जागा लागते, म्हणून कार्ड आधी रिकामं करून ठेवावं. लॅपटॉपचा चार्जर काढावा. ५० हर्ट्झची गुणगुण बहुतेक वेळा तिथूनच येते.

(दृश्य: टेबलावर एक कागद. त्यावर आठ-दहा ओळी, प्रश्न एकही नाही.)

कागदावर प्रश्न लिहून आणले की गप्पांची मुलाखत होते. पाहुणा बोलत असतो आणि यजमानाची नजर पुढच्या प्रश्नावर असते. पाहुण्याच्या वाक्यातला सगळ्यात मजेचा शब्द तसाच सुटून जातो. म्हणून कागदावर नुसत्या खुणा: पंगत, जिलबी, व्याही, ताटाभोवतीची रांगोळी. आणि हाताशी एकच प्रश्न, ‘मग?’

हे कसं करतात ते ऐकायला आपल्याकडे जुना नमुना आहे. आकाशवाणी मुंबईच्या ‘पुन्हा प्रपंच’मध्ये प्रभाकर जोशींचे प्रभाकरपंत, नीलम प्रभूंच्या मीनावहिनी आणि बाळ कुडतरकरांचे टेकाडे भावजी ही तीन माणसं घरातल्या घरात बोलायची, आणि श्रोता चौथा होऊन बसायचा. संवाद लिहिलेले होते, तरी तिघांचं एकमेकांकडे लक्ष असल्याचं रेडिओवर कळायचं.

इंग्रजीत रिकी जर्वेस, स्टीफन मर्चंट आणि कार्ल पिल्किंग्टन यांचा पॉडकास्ट डिसेंबर २००५ मध्ये सुरू झाला. पहिले दोघे विनोदी लेखक, तिसरा त्यांचाच रेडिओतला निर्माता. सगळ्यात मोठा हशा तिसऱ्याच्या गंभीर उत्तरांवर येतो, कारण बाकीचे दोघे त्याला शेवटपर्यंत बोलू देतात. अमेरिकी विनोदी कलाकार मार्क मॅरन याने २००९ मध्ये ‘डब्ल्यूटीएफ’ सुरू केला. पुढे लॉस एंजेलिसमधल्या त्याच्या घराच्या गॅरेजमध्ये जून २०१५ मध्ये राष्ट्राध्यक्ष बराक ओबामा येऊन बसले. जागा गॅरेजची, पण माइक तोंडाजवळ आणि यजमान तयारीचा. आपल्या देशात अमित वर्मा यांचा ‘द सीन अँड द अनसीन’ २०१७ मध्ये छोट्या भागांनी सुरू झाला आणि पुढे काही भाग कित्येक तासांचे झाले. हा विनोदी नाही, पण पाहुण्याला किती मोकळी जागा द्यावी हे शिकायला त्याच्याइतकं चांगलं काही नाही. मराठीत ओंकार जाधव आणि शार्दूल कदम यांचा ‘अमुक तमुक’ आणि सौमित्र पोटे यांचा ‘मित्रम्हणे’ लागोपाठ ऐकावेत. दोन यजमान असले की बोलण्याची लय वेगळी, एकटा असला की वेगळी, हा फरक लगेच कानात भरतो.

नाशिकच्या टेबलावर परत येऊ. दोघा मित्रांचं एकमेकांत अरे-तुरे असतं, पाहुण्याशी अहो-जाहो. मध्येच एखादा पाहुण्यालाही अरे म्हणून जातो आणि पुढची पाच मिनिटं सगळेच अवघडतात. हे आधी ठरवून घ्यावं. आपापसातल्या किश्शाला एका वाक्याची पार्श्वभूमी द्यावी. ‘तो सातपूरचा टेम्पो आठवतो?’ असं म्हणून दोघं हसत सुटले तर ऐकणारा बाहेरच उभा राहतो. पण मेनरोड कुठे, अशोकस्तंभ कुठे, हे समजावत बसू नये. नावांनी गावाचा वास येतो, ज्याला ठाऊक नाही त्याचंही त्यावाचून अडत नाही.

(दृश्य: लॅपटॉपवर व्हिडिओ कॉल. दुसरा मित्र पुण्यातून बोलतोय.)

दोघं दोन गावांत असतील तर इंटरनेटवरून आलेला आवाज रेकॉर्ड करायचा नाही. दोघांनी आपापला माइक आपापल्याकडे रेकॉर्ड करायचा आणि कॉल फक्त ऐकण्यापुरता, तोही हेडफोनवर. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या शिफारशीप्रमाणे एका बाजूचा उशीर १५० मिलिसेकंदांच्या आत असावा. तो तेवढा असला तरी जाऊन-येऊन ३०० होतात, आणि माणसांचं अंतर तर २०० चं. म्हणूनच कॉलवर दोघं सारखे एकमेकांवर आदळतात. दोन यंत्रांची घड्याळंही तंतोतंत एक चालत नाहीत, तासाभरात सेकंदाच्या दहाव्या भागाएवढा फरक पडू शकतो, म्हणजे हशाच्या जागेचा अर्धा भाग. सुरुवातीला एक टाळी वाजवायची आणि शेवटी एक. दोन्ही टाळ्या जुळवल्या की मधलं सगळं जुळतं.

(दृश्य: संपादन. पडद्यावर दोन ट्रॅक, एकाखाली एक.)

सगळ्यात जास्त नुकसान इथे होतं. शांतता आपोआप काढून टाकणारं बटण दाबलं की नव्वद मिनिटांची सत्तर होतात आणि विनोद मरतात. किस्सा संपतो, समोरचा अर्धा सेकंद थांबतो, मग म्हणतो, ‘आणि तुम्ही ती जिलबी खाल्लीत?’ तो अर्धा सेकंद गेला की उरतो नुसता प्रश्न. गेट, म्हणजे ठराविक पातळीखालचा आवाज आपोआप बंद करणारं साधन, लावलं तर हसण्याआधी आत ओढलेला श्वास कापला जातो आणि हसू अचानक कुठून तरी टपकतं. गेट नकोच. समोरच्याचे ‘हं’, ‘बरं’, ‘हो ना’ बोलण्यावर येत असतील तर ते पुसायचे नाहीत, ६ ते ८ डेसिबलने खाली घ्यायचे. पूर्ण पुसले की बोलणारा रिकाम्या खोलीत बोलतोय असं वाटतं.

कापायचं काय? पहिली दहा मिनिटं बहुतेक वेळा पूर्ण जातात. दोनदा सांगितलेला किस्सा एकदाच ठेवायचा. ज्याने विनोद केला त्यानेच तो समजावून सांगितला असेल तर ते समजावणं काढायचं. कात्री हसण्याच्या मध्यावर चालवू नये, पुढच्या शब्दाआधीच्या श्वासावर चालवावी आणि दोन टोकं १०-२० मिलिसेकंद एकमेकांवर चढवावीत. ८० हर्ट्झखालचं काढून टाकावं. टेबलाला लागलेले धक्के तिथे असतात. कॉम्प्रेशन, म्हणजे मोठा आवाज दाबून लहानाजवळ आणणं, तीनास एक, त्याहून जास्त नको, नाहीतर कुजबुज आणि खदखदून हसणं एकाच उंचीवर येतं. आवाज साफ करणारं साधन हलक्या हाताने वापरावं. जास्त झालं की माणूस पाण्याखालून बोलतोय असं ऐकू येतं.

शेवटची लाउडनेस, म्हणजे पूर्ण भागाचा सरासरी मोठेपणा, उणे १६ एलयूएफएस (तो मोजायचं एकक), शिखर उणे १ डेसिबलच्या खाली. ॲपल पॉडकास्टची शिफारस हीच आहे. मोनो एमपी३, ६४ केबीपीएस, पन्नास मिनिटांचा भाग २४ एमबी. स्टीरिओचा हट्ट धरू नये; एकाला डाव्या आणि दुसऱ्याला उजव्या कानात बसवलं तर एकच इअरफोन लावणाऱ्याला अर्ध्याच गप्पा ऐकू येतात. चित्र चौकोनी, १४०० ते ३००० पिक्सेल. सुरुवातीला सिनेमाचं गाणं लावू नये, त्याचे हक्क घ्यावे लागतात.

(दृश्य: नाशिकरोड स्टेशन, सकाळ. पंचवटी एक्सप्रेस फलाटावर येते.)

आता ऐकणाऱ्याकडून. सातच्या सुमारास नाशिकरोडहून निघणाऱ्या पंचवटीत कितीतरी जण कानात काहीतरी लावून बसतात. इगतपुरी सोडली की घाटातल्या बोगद्यांत नेटवर्क तुटतं, म्हणून भाग रात्रीच घरच्या वायफायवर डाउनलोड करून ठेवावा. बातम्या किंवा माहितीचा भाग दीडपटीने चालवला तरी बिघडत नाही. विनोदी गप्पा मात्र एकपटीनेच ऐकाव्यात, कारण दीडपटीत २०० मिलिसेकंदांचे १३३ होतात. ओव्हरकास्ट आणि पॉकेट कास्ट्स या ॲपमध्ये शांतता छाटण्याची सोय असते, तीही बंद करावी. संपादकाने राखलेली जागा ती ऐकणाऱ्याच्या फोनवर खाऊन टाकते. नवीन पॉडकास्ट पारखायचा असेल तर प्रसिद्ध पाहुण्याचा भाग निवडू नये. जिथे नुसते यजमानच आहेत असा भाग घ्यावा, पंधराव्या मिनिटापासून लावावा आणि दहा मिनिटं फक्त जो बोलत नाहीये त्याच्याकडे कान द्यावा.