मलप्रभेकाठी अर्धा भोवरा (माहितीपटाचं निवेदन)

आषाढातली मलप्रभा. कणकुंबीच्या डोंगरात उडी मारून ओलांडावी एवढी. खानापूरच्या पुलाखाली येईस्तोवर गढूळ, रुंद, फुगलेली. खांबावर आपटून पाणी वळतं आणि भोवरा धरतो. बघत राहा. फिरता फिरता पसरतो, मंदावतो, प्रवाहात जिरतो.

आता तालुक्यातली ही शाळा. फाटकावरच्या पाटीवर कन्नड वर, मराठी खाली. आत रविवारचा जादा तास, मराठीतून. परीक्षेला न येणारा विषय, तरी बाकं भरलेली.

1995 साली अमेरिकेत बोल्डरला एरिक कॉर्नेल आणि कार्ल वीमन यांनी रुबिडियमचा वायू थंड केला. किती? एका अंशाचे कोटी तुकडे करा. निरपेक्ष शून्याच्या, म्हणजे ज्याखाली थंडीच नाही त्या तापमानाच्या, वर त्यातले दोनसुद्धा नाहीत. सत्येंद्रनाथ बोस यांच्या 1924 च्या गणितातून निघालेली ही अवस्था: हजारो अणू, पण लाट एकच. तिच्यात भोवरा उठला, तर त्याच्याभोवती फेरी पुरी होताना लाट स्वतःशी जुळलीच पाहिजे. म्हणून भोवरा एकपट किंवा दुप्पट, दीडपट नाही. नदीतल्यासारखं हळूहळू जिरणं त्याच्या नशिबात नाही.

खडू बघा. दोनाचा वर्ग चार. एक अधिक एक, दोन. ऊर्जा पटीच्या वर्गानं वाढते, म्हणून दुप्पट भोवरा फुटून दोन एकेरी होतात. अमेरिकेतल्या एमआयटी या संस्थेत 2004 साली तो तसा फुटला.

"सर, मग अर्धा असतोय काय?"

असतो. सोडियमच्या अणूंना स्पिन, म्हणजे अंगभूत फिरकी, आहे. चुंबकी सापळा ती जखडून ठेवतो. लेसरच्या सापळ्यात ती मोकळी. तिथं स्पिनच्या अक्षाला डोकं-शेपूट नाही, अर्धा वळला तरी तोच. लाटेचा अर्धा फेरा, अक्षाचा अर्धा फेरा, हिशेब पुरा. पुन्हा खडू, ऊर्जेसाठी: अर्ध्याचा वर्ग पाव. लाटेचा पाव, अक्षाचा पाव, मिळून अर्धा. असे दोन, म्हणजे एक. बरोबरी! मग एकेरी भोवरा फुटावा कशाला?

सर फळा पुसत नाहीत, मधोमध एक भोक काढतात. एकेरी भोवऱ्याचा गाभा रिकामा असतो, आणि अणू हटवून जागा रिकामी ठेवणं महाग. अर्ध्या भोवऱ्याच्या गाभ्यात दुसऱ्या स्पिनचे अणू शिरतात. गाभा चुंबकी होतो, पण भरलेला राहतो. सोडियमला हे स्वस्त पडतं. दोन गाभे उलट चुंबकत्वाचे, एकमेकांना दूर ढकलणारे. सोलमध्ये 2015 साली हे प्रत्यक्ष दिसलं. पडद्यावरचं चित्र मात्र संगणकाचं. तिथवर आमचा कॅमेरा गेला नाही.

सोडियमचे अणू असे थंड करण्याचं काम बंगळूरच्या रामन संशोधन संस्थेतही चालतं. द्रव हीलियम-3 मध्येही अर्धे भोवरे सापडलेत. पुढच्या रविवारचा प्रश्न फळ्यावर आहे: एक तृतीयांश चालेल का? स्पिनचं मान दोन असलेल्या अणूंसाठी गणित हो म्हणतं.