शिक्षेच्या वहीतली वंशावळ

[दृश्य : चेसापीक उपसागराच्या पूर्व किनाऱ्यावरील दलदल, उंच गवत, पहाटेची भरती]

निवेदन : अमेरिकेतील व्हर्जिनिया राज्याचा हा पूर्व किनारा म्हणजे एका बाजूला चेसापीक उपसागर आणि दुसऱ्या बाजूला अटलांटिक महासागर यांच्यामध्ये सापडलेली जमिनीची एक लांबट पट्टी आहे. सतराव्या शतकात येथे तंबाखूचे मळे होते, आणि त्या मळ्यांवर राबणाऱ्यांमध्ये इंग्लंड व आयर्लंडमधून आलेले करारबद्ध नोकर होते, तसेच आफ्रिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरून, विशेषतः अंगोलातून, पकडून आणलेली माणसेही होती. या दोन्हींच्या पोटी जन्मलेली आणि कायद्याने स्वतंत्र असलेली कुटुंबे कोठून आली व पुढे कोठे गेली, याचा शोध या चित्रपटाचा विषय आहे.

[दृश्य : ईस्टव्हिल गावचे जुने न्यायालय, नंतर दप्तराची पाने]

निवेदन : नॉर्थॅम्प्टन काउंटीचे, म्हणजे जिल्ह्याचे, हे मुख्य गाव, ईस्टव्हिल. येथील न्यायालयाच्या नोंदी 1632 पासून अखंड उपलब्ध आहेत, आणि हे भाग्य व्हर्जिनियातील फार थोड्या काउंट्यांच्या वाट्याला आले. वसाहतीच्या सर्वोच्च न्यायालयाची कागदपत्रे एप्रिल 1865 मध्ये रिचमंड शहराला लागलेल्या आगीत भस्मसात झाली, आणि सुरक्षिततेसाठी ज्या काउंट्यांनी आपले दप्तर तेथे पाठवले होते त्यांचेही दप्तर त्याबरोबर गेले. म्हणून आपला शोध येथून सुरू होतो.

आपल्याकडचा कुलवृत्तांत मूळ पुरुषापासून सुरू होतो, आणि सुना व लेकी त्याच्या शाखांवर कोठेतरी आद्याक्षरांपुरत्या उरतात. या कुटुंबांचा कुलवृत्तांत मात्र बहुतेक वेळा मूळ स्त्रीपासूनच सुरू करावा लागतो, कारण त्यांचे स्वातंत्र्य तिच्याकडून आले. आणि ती स्त्री या वह्यांमध्ये प्रथम दिसते ती आरोपी म्हणून.

[दृश्य : जमिनीच्या सनदांची पाने]

निवेदन : त्याआधीची, म्हणजे कायदे अजून कडक व्हायचे होते त्या काळातली, काही घराणी पाहू. व्हर्जिनियात जो मनुष्य स्वतःच्या खर्चाने एखाद्याला वसाहतीत आणील, त्याला दरडोई 50 एकर जमीन मिळत असे. या पद्धतीला हेडराइट म्हणत. परिणामी, ज्यांची अन्य कोणी दखल घेतली नसती अशा असंख्य माणसांची नावे जमीनदारांच्या अर्जांमध्ये टिकून राहिली. 1635 मध्ये जॉर्ज मेनिफी नावाच्या जमीनदाराने अशाच एका यादीत ‘टोनी, ईस्ट इंडियन’ असे नाव दिले आहे. भारताच्या बाजूने आलेल्या माणसाची ती त्या वसाहतीतील अगदी सुरुवातीच्या नोंदींपैकी एक आहे. तो कोणत्या बंदरातून निघाला हे त्या ओळीत नाही. पुढच्या काळात व्हर्जिनिया आणि मेरिलँडमध्ये आलेल्या अशा लोकांना नोंदणारा कारकून कधी ‘ईस्ट इंडियन’ लिहितो, तर कधी ‘निग्रो’ किंवा ‘मुलॅटो’ (म्हणजे मिश्रवंशीय), आणि त्यांची मुले हळूहळू याच स्वतंत्र मिश्रवंशीय समाजात मिसळून गेली.

अँथनी जॉन्सन 1621 मध्ये ‘अँटोनिओ, निग्रो’ एवढ्याच नावाने या वसाहतीत आला आणि मेरी पुढच्या वर्षी दुसऱ्या जहाजाने आली. दोघांनी संसार थाटला, गुरे वाढवली, स्वातंत्र्य मिळवले, आणि 1651 मध्ये पाच जणांच्या हेडराइटवर अँथनीच्या नावे 250 एकरांची सनद निघाली. 1653 मध्ये त्यांच्या घरादाराला आग लागली, तेव्हा याच न्यायालयाने मेरीला आणि तिच्या दोन मुलींना आयुष्यभरासाठी करातून मुक्त केले. गोऱ्या स्त्रियांवर सहसा नसलेला हा डोईकर काळ्या स्त्रियांवर मात्र होता, त्यामुळे या सवलतीने त्या तिघींना निदान कराच्या वहीत शेजारच्या गोऱ्या स्त्रियांच्या ओळीत बसवले. समाजमाध्यमांवर अँथनीचे नाव आज वेगळ्याच कारणाने फिरते. जॉन केसर नावाचा मनुष्य आपला आजन्म गुलाम आहे, हा त्याचा दावा न्यायालयाने 1655 मध्ये मान्य केला, आणि त्यावरून ‘अमेरिकेतील पहिला गुलाममालक काळा होता’ असे ठोकून दिले जाते. ते खरे नाही. त्याच्या पंधरा वर्षे आधी, 1640 मध्ये, जॉन पंच नावाच्या आफ्रिकी नोकराला पळून गेल्याबद्दल जन्मभर चाकरीची शिक्षा झाली होती. त्याच्याबरोबर पळालेल्या दोन युरोपीय नोकरांची मुदत मात्र फक्त काही वर्षांनी वाढली.

[दृश्य : मेरिलँडचा दक्षिण किनारा, शेते, पाईनची झाडे]

निवेदन : पुढे जॉन्सन कुटुंब मेरिलँडमध्ये गेले. अँथनीच्या नातवाने, जॉन जॉन्सनने, 1677 मध्ये 44 एकर जमीन घेतली आणि तिचे नाव ठेवले ‘अंगोला’.

इमॅन्युएल ड्रिगस या आफ्रिकी गुलामाचे नाव नॉर्थॅम्प्टनच्या वह्यांमध्ये वारंवार येते. ड्रिगस म्हणजे इंग्रज कारकुनाच्या कानाने ऐकलेले रॉड्रिग्स. गोव्यात आणि वसईत पोर्तुगीजांनी जी आडनावे मागे ठेवली, त्यांपैकीच हे एक, अंगोलाच्या वाटेने व्हर्जिनियात पोचलेले. इमॅन्युएल गुलाम असला, तरी त्याची गुरे होती, व्यवहार होते. 1652 मध्ये त्याने जेन नावाच्या लहान मुलीचे स्वातंत्र्य पैसे मोजून विकत घेतले. 1657 मध्ये त्याच्या मालकाने त्याची दोन मुले विकली.

[दृश्य : रिकामी पायवाट, वारा. निवेदन काही क्षण थांबते.]

[दृश्य : कायद्याच्या छापील संग्रहाचे पान]

निवेदन : आता कायद्याकडे वळू, कारण त्याशिवाय ही वंशावळ वाचताच येत नाही. एलिझाबेथ की हिचा पिता इंग्रज होता आणि आई गुलाम आफ्रिकी स्त्री. पित्याने तिला नऊ वर्षांच्या मुदतीने एका गृहस्थाच्या हवाली केले होते. ती मुदत कधीच उलटून गेली, तरी तिला गुलाम म्हणूनच ठेवण्यात आले. आपला बाप इंग्रज आहे, आपला बाप्तिस्मा झाला आहे आणि आपली चाकरी मुदतीची होती, अशा आधारांवर तिने नॉर्थंबरलँड काउंटीत दावा लावला आणि 1656 मध्ये ती मुक्त झाली. तिचे वकीलपत्र घेणाऱ्या विल्यम ग्रिन्स्टेडशी तिने लग्न केले. ग्रिन्स्टेड घराण्याच्या एका मोठ्या शाखेचे मूळ या लग्नात आहे.

वसाहतीच्या विधिमंडळाने त्यानंतर हे दरवाजे एकेक करून बंद केले. डिसेंबर 1662 च्या कायद्याने ठरवले की मूल गुलाम की स्वतंत्र हे केवळ आईच्या स्थितीवरून ठरेल. इंग्रजी रिवाजात मूल बापाचे असे, तो रिवाज येथे उलटा करण्यात आला. 1667 मध्ये बाप्तिस्म्याने गुलामाच्या स्थितीत काहीही फरक पडत नाही, असाही कायदा झाला. गोऱ्या मालकांनी गुलाम स्त्रियांच्या पोटी जन्माला घातलेली मुले त्यामुळे मालकाच्या मालमत्तेत जमा होऊ लागली. परंतु याच नियमाची दुसरी बाजू अशी होती की गोऱ्या किंवा अन्य कोणत्याही स्वतंत्र स्त्रीचे मूल, बाप गुलाम असला तरी, जन्मतः स्वतंत्र ठरत होते.

ती बाजू बंद करता येत नव्हती. म्हणून तिला शिक्षा जोडण्यात आली. 1691 च्या कायद्याने काळ्या, मिश्रवंशीय किंवा मूलनिवासी व्यक्तीशी लग्न करणाऱ्या गोऱ्या व्यक्तीला तीन महिन्यांत वसाहतीबाहेर घालवण्याची तरतूद केली. लग्नाशिवाय मिश्रवंशीय मूल झालेल्या गोऱ्या स्त्रीने महिन्याभरात 15 पौंड दंड चर्चच्या वॉर्डनांकडे, म्हणजे कारभाऱ्यांकडे, भरायचा, अन्यथा ते तिला पाच वर्षांसाठी चाकरीला विकतील. त्या रकमेचा एक तृतीयांश राजाला, एक तृतीयांश पॅरिशला, म्हणजे त्या चर्चच्या स्थानिक विभागाला, आणि एक तृतीयांश खबर देणाऱ्याला. मुलाला वॉर्डन वयाच्या तिसाव्या वर्षापर्यंत कोणाच्या तरी हाताखाली बांधून देतील. 1705 मध्ये तीस वर्षांची एकतीस झाली.

[दृश्य : चर्चची विटांची इमारत, पॅरिशच्या वहीवरून सरकणारे बोट]

निवेदन : वंशावळ शोधणाऱ्याचे खरे काम येथे सुरू होते. खबरीला पैसे मिळत असल्यामुळे खबर दिली जाई, खबर आली की वॉर्डन फिर्याद करीत, आणि फिर्याद झाली की काउंटीच्या आदेशवहीत आईचे नाव, तिच्या मालकाचे नाव आणि मूल मिश्रवंशीय असल्याची नोंद होई. बापाचे नाव बहुतेक वेळा नसे. काही वर्षांनी त्याच मुलाचे नाव चाकरीला बांधून देण्याच्या आदेशात सापडते, आता आईच्या आडनावासह, आणि कधी वयासह. त्यानंतर दीर्घ शांतता असते. मग तो मुलगा किंवा ती मुलगी एकतिसाव्या वर्षी न्यायालयात येऊन आपली मुदत संपल्याचे सांगते, किंवा करपात्र माणसांच्या वार्षिक यादीत स्वतःच्या घराचा प्रमुख म्हणून दिसू लागते. मुलगी असेल तर तिच्यावर आणखी एक फास होता. 1723 च्या कायद्याने, अशी स्त्री चाकरीत असताना तिला झालेले मूलही आईइतकीच वर्षे बांधले जाई. म्हणजे एकाच घराण्याच्या आजी, आई आणि नात यांची नावे तीन पिढ्या एकाच मालकाच्या कुटुंबाभोवती फिरत राहतात. संशोधक म्हणूनच आधी मालकाचे मृत्युपत्र आणि मालमत्तेची यादी उघडतात. ‘मुलॅटो मुलगी, इतकी वर्षे बाकी’ अशी एखादी ओळ तेथे मिळाली, की साखळीची निसटलेली कडी हाती लागते. ‘बाकी’ हा शब्द निर्णायक आहे, कारण गुलामाची वर्षे कोणी मोजत नसे. 1765 मध्ये ही मुदत मुलांसाठी 21 आणि मुलींसाठी 18 वर्षांवर आणण्यात आली.

अशा शेकडो नोंदी जोडल्यावर एक गोष्ट दिसून आली. वसाहतकाळातील स्वतंत्र मिश्रवंशीय कुटुंबांपैकी बहुसंख्य कुटुंबे गोऱ्या मालकाने मुक्त केलेल्या संततीची नाहीत. ती गोऱ्या नोकर स्त्रिया आणि गुलाम किंवा स्वतंत्र आफ्रिकी पुरुष यांच्या संबंधांतून आली आहेत. दयाळू मालकाची कथा पुष्कळांना आवडते. कागद तिला फारसा आधार देत नाहीत.

[दृश्य : पुन्हा ईस्टव्हिल, न्यायालयाची खोली, लाकडी कठडा]

निवेदन : याच न्यायालयात जेन वेब उभी राहिली होती. गोऱ्या नोकर स्त्रीची ही मुलगी स्वतःची मुदत संपवून स्वतंत्र झाली आणि अठराव्या शतकाच्या प्रारंभी तिने लेफ्ट नावाच्या गुलामाशी लग्न केले. लेफ्टचा मालक होता थॉमस सॅव्हेज. जेनचे म्हणणे असे की तिचा सॅव्हेजशी करार झाला होता. तिने सात वर्षे त्याची चाकरी करायची, त्या काळात होणारी मुले अठरा वर्षांची होईपर्यंत त्याच्याकडे राहतील, आणि मुदत संपल्यावर लेफ्ट मुक्त होईल. सात वर्षे संपली. सॅव्हेजने लेफ्टला सोडले नाही आणि मुलांवरचा ताबाही सोडला नाही. 1720 च्या दशकात जेन पुन्हा पुन्हा अर्ज घेऊन येत राहिली. व्हर्जिनियातील सगळ्या काळ्यांचे काळीज आपल्यासारखे असते तर ते सगळे मुक्त झाले असते, असे ती म्हणाल्याचे न्यायालयाच्या कानावर गेले, आणि त्या बोलण्याबद्दल तिला चाबकाचे फटके मारण्याचा हुकूम झाला. 1727 मध्ये तिचा दावा फेटाळण्यात आला. हरलेल्या या दाव्याच्या कागदांमुळेच वेब घराण्याच्या वंशजांना आपली मूळ स्त्री कोण, तिचा नवरा कोण, हे आज सांगता येते.

[दृश्य : मेरिलँड, सेंट मेरीज काउंटीतील नदीकाठ]

निवेदन : मेरिलँडमधील बटलर घराण्याची गोष्ट याच्या नेमकी उलट आहे. एलेनॉर बटलर ऊर्फ आयरिश नेल ही मेरिलँड वसाहतीचा मालक लॉर्ड बाल्टिमोर याची नोकर होती. 1681 मध्ये तिने चार्ल्स नावाच्या गुलामाशी लग्न केले. तू स्वतःला आणि आपल्या संततीला गुलाम करून घेत आहेस, असे लॉर्डसाहेबांनी तिला बजावले, आणि तिने आपल्याला चार्ल्सच हवा असे उत्तर दिले, असे पुढे म्हाताऱ्या साक्षीदारांनी शपथेवर सांगितले. मेरिलँडच्या 1664 च्या कायद्याप्रमाणे अशा लग्नाची संतती गुलाम ठरत होती, आणि नेलची नातवंडे-पतवंडे गुलाम म्हणूनच राहिली. तिचे वंशज विल्यम आणि मेरी बटलर यांना 1770 मध्ये न्यायालयाने मुक्त ठरवले, पण अपिलात पुढच्याच वर्षी तो निकाल फिरला. नंतर त्यांच्या मुलीने, तिचेही नाव मेरी, पुन्हा दावा लावला आणि 1787 मध्ये ती जिंकली. तिच्या वकिलांचा मुद्दा असा की नेलला त्या कायद्याखाली कोणत्याही न्यायालयाने दोषी ठरवल्याची नोंद नाही, आणि दोषसिद्धी नसेल तर शिक्षा वंशजांवर लादता येत नाही. व्हर्जिनियात शिक्षेची नोंद सापडणे म्हणजे सुटका होती. येथे ती न सापडण्याने सुटका झाली. या निकालाच्या आधारे बटलर घराण्यातील इतर अनेकांनी दावे लावले.

[दृश्य : प्रयोगशाळा, नळ्या, संगणकाचा पडदा]

निवेदन : बापाच्या बाजूने शोध घ्यायचा तर अलीकडे जनुकीय चाचणीची मदत होते. 1705 मध्ये जॉन बंच नावाच्या मिश्रवंशीय तरुणाने सारा स्लेडन या गोऱ्या मुलीशी लग्न करण्याची परवानगी वसाहतीच्या कौन्सिलकडे मागितली होती, कारण पाद्र्याने लग्न लावायचे नाकारले होते. बंच आडनावाच्या काही पुरुषांच्या वाय गुणसूत्राची, म्हणजे बापाकडून मुलाकडे जाणाऱ्या गुणसूत्राची, तपासणी आफ्रिकी पितृवंशाकडे बोट दाखवते. ही माहिती आणि जुन्या नोंदी एकत्र करून 2012 मध्ये असे मांडण्यात आले की बराक ओबामा हे त्यांच्या गोऱ्या आईच्या बाजूने बंच घराण्याचे, आणि बहुधा त्या जॉन पंचचेही, वंशज आहेत. ‘बहुधा’ म्हणायचे कारण, पंच आणि बंच यांना जोडणारा कागद नाही, फक्त काळ, ठिकाण आणि नावाचे साम्य आहे.

[दृश्य : दक्षिणेकडे जाणारा रस्ता, नदीवरचा पूल]

निवेदन : 1723 मध्ये व्हर्जिनियाने स्वतंत्र काळ्या आणि मिश्रवंशीय पुरुषांचा मताधिकार काढून घेतला, आणि अठराव्या शतकात यांतली पुष्कळ कुटुंबे नॉर्थ आणि साउथ कॅरोलायनाकडे सरकली. 1731 मध्ये गिडियन गिब्सन नावाचा सुतार आपल्या गोऱ्या बायकोसह आणि सात गुलामांसह साउथ कॅरोलायनात आला, तेव्हा गव्हर्नर रॉबर्ट जॉन्सनने त्याला बोलावून चौकशी केली आणि त्याच्या माहितीने समाधान झाल्यावर राहू दिले. त्याच घराण्यातला रँडल ली गिब्सन पुढे अमेरिकेच्या यादवी युद्धात गुलामी राखण्यासाठी लढणाऱ्या दक्षिणेच्या सैन्यात सेनानी झाला आणि नंतर लुइझियानाचा सिनेटर.

[दृश्य : जनगणनेची पाने, नंतर नोंदणीवही]

निवेदन : 1790 च्या पहिल्या जनगणनेत देशभरात सुमारे 59 हजार माणसे ‘इतर स्वतंत्र व्यक्ती’ या एकाच रकान्यात मोजली गेली. त्यांच्यापैकी फक्त घरप्रमुखांची नावे लिहिली आहेत, बायकामुलांचा आकडा तेवढा आहे. 1793 मध्ये व्हर्जिनियाने स्वतंत्र काळ्यांनी कारकुनाकडे नोंद करून दाखला जवळ बाळगण्याची सक्ती केली. त्या नोंदवह्यांमध्ये नाव, वय, उंची, वर्ण आणि अंगावरच्या खुणा यांच्यापुढे, जन्मतः स्वतंत्र असलेल्यांच्या बाबतीत, ‘स्वतंत्र जन्मलेली’ किंवा ‘स्वतंत्र जन्मलेला’ असा शेरा येतो. तो मिळवायला आपली आई, किंवा तिची आई, कोण होती हे कारकुनाला पटवून द्यावे लागे.